बोन नगरीचा शारदोत्सव : एका दानाची कथा

भाद्रपद शुद्ध पंचमीला नव्या भाताची कणसे घरात आली की आपल्या कोकणपट्टीत वर्षाचे सार्थक झाल्यासारखे वाटते. त्यानंतर नवरात्र, कोजागरी, दिवाळी असा एकेक दिवस मोजीत कार्तिक येतो. देवळांच्या जत्रांना आरंभ होतो, आणि दूरदेशी नोकरीधंद्यास गेलेले कुळावी पालखीच्या दिवसाकडे डोळे लावून गावची वाट धरतात. पीक हाती यावे, त्याचा पहिला भाग देवाच्या पायी ठेवावा, आणि मग सर्वांनी मिळून त्याची गोडी घ्यावी, हा शरद ऋतूचा धर्म होय. तो एकट्या आपल्याच देशाचा नव्हे. भाताच्या देशात तो भाताचा सण होतो, द्राक्षांच्या देशात द्राक्षांचा.

फ्रान्सच्या पूर्वभागी बर्गंडी नावाचा प्रांत आहे. त्या प्रांतात बोन हे जुन्या तटबंदीचे एक लहानसे शहर आहे. तेथे दर वर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी नव्या वाइनचा, म्हणजे द्राक्षमद्याचा, जाहीर लिलाव होतो. शरदाच्या आरंभी द्राक्षे खुडली गेली, तळघरांतील पिंपांत रस आंबू लागला, की सारे शहर त्या दिवसाची वाट पाहू लागते. मद्याचा सण म्हटल्यावर आपल्यापैकी काहींच्या कपाळास आठी पडेल. आपल्या देव्हाऱ्यात मद्यास स्थान नाही. तथापि राखणदारास दारूचा नैवेद्य दाखविणारी गावे आपल्याच गोमंतकात आहेत, हेही विसरून चालणार नाही. परंतु मद्याची थोरवी गाणे हा या लेखाचा हेतूच नव्हे. बोनचा उत्सव एका रुग्णालयासाठी भरतो, आणि त्याच्या मुळाशी पावणेसहाशे वर्षांहून अधिक जुने असे एक दान आहे. त्या दानाची कथा येथे सांगावयाची आहे.

या रुग्णालयाचे नाव ‘ओतेल-द्यो’. फ्रेंच भाषेत त्याचा शब्दशः अर्थ ‘देवाचे घर’ असा होतो. मध्ययुगात फ्रान्समधील अनेक नगरांत गोरगरिबांच्या रुग्णालयास हेच नाव असे. आपण देवाच्या घरास देऊळ म्हणतो. त्यांनी रोग्याच्या घरास देवाचे घर म्हटले. हा शब्दार्थ ध्यानात ठेवला म्हणजे पुढील इतिहास समजण्यास सोपा जातो.

पंधराव्या शतकात बर्गंडी हे एक बलाढ्य राज्य होते. ड्यूक फिलिप, ज्याला इतिहासात ‘सज्जन’ ही उपाधी मिळाली आहे, त्याचा चान्सलर निकोला रोलँ हा होता. चान्सलर म्हणजे आपल्या परिभाषेत मुख्य कारभारी. १४२२ मध्ये तो त्या पदावर आला आणि पुढे तीनचार दशके राज्याची सूत्रे त्याच्या हाती राहिली. फ्रान्सचा राजा आणि बर्गंडीचा ड्यूक यांच्यातील वैर मिटविणारा १४३५ चा आरास येथील तह घडवून आणण्यात त्याचा मोठा वाटा होता. परंतु तह झाला म्हणून रयतेचे हाल संपले नाहीत. युद्ध थांबल्यामुळे बेकार झालेल्या सैनिकांच्या टोळ्या गावे लुटीत फिरू लागल्या. त्यांच्या पाठोपाठ दुष्काळ आला, दुष्काळामागून साथ आली. बोनच्या आसपास खेडी ओस पडली, आणि नगरात अन्नास महाग झालेल्या लोकांची दाटी झाली.

अशा काळी, ४ ऑगस्ट १४४३ रोजी, रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी आपल्या संपत्तीतून गरीब रुग्णांसाठी आरोग्यशाळा स्थापन करण्याचे दानपत्र केले. गिगोनच्या माहेरच्या प्रदेशात सालँ येथे खाऱ्या पाण्याचे झरे होते आणि ते पाणी आटवून मीठ काढण्याचा मोठा उद्योग चाले. त्या मिठाच्या उत्पन्नातून वार्षिक १००० लिव्र या संस्थेस लावून देण्यात आले. दररोज दारापाशी गरिबांस पांढरा पाव वाटला जावा, असेही दानपत्रात नमूद होते. १ जानेवारी १४५२ रोजी पहिला रुग्ण आत घेण्यात आला.

रोलँ हा काही साधुपुरुष नव्हता. राज्यकारभारात त्याने अमाप धन मिळविले होते. फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की, या माणसाने हयातभर इतके लोक भिकेस लावले की त्यांच्यासाठी एखादे घर बांधणे त्यास भागच होते, असे त्याने म्हटले. ही टीका अगदी निराधार नसावी. परंतु दात्याच्या चारित्र्यावरून दानाची परीक्षा करावयाची ठरविली, तर आपल्याकडीलही पुष्कळ धर्मशाळा आणि घाट पाडून टाकावे लागतील! दानाची खरी परीक्षा दाता गेल्यावर होते. रोलँ १४६२ मध्ये निवर्तला. गिगोन मात्र वैभव सोडून त्या आरोग्यशाळेतच राहावयास गेली, रुग्णांची सेवा करीत राहिली, आणि १४७० मध्ये तेथेच तिचा अंत झाला. तिची समाधी तेथील प्रार्थनामंदिरात आहे.

ती इमारत आजही उभी आहे. तिच्या छपरावरील रंगीत चकाकत्या कौलांची नक्षी दुरूनही दृष्टीत भरते. आत ‘गरिबांचे दालन’ नावाची पन्नास मीटर लांबीची एक प्रचंड खोली आहे. तिचे लाकडी छत उपड्या घातलेल्या गलबताच्या सांगाड्यासारखे दिसते. दोन्ही भिंतींना लागून रुग्णांचे पलंग मांडलेले असत, आणि टोकास प्रार्थनामंदिर असे. अंथरुणावर पडल्यापडल्या रुग्णाला पूजा दिसावी हा त्या रचनेचा हेतू होता. मंदिरासाठी रोगीर व्हान देर वायडेन या फ्लेमिश चित्रकाराकडून अंतिम न्यायाचे नऊ फळ्यांचे भव्य चित्र करवून घेण्यात आले. त्यात एक देवदूत तराजू हाती धरून जीवांचे पापपुण्य तोलीत आहे. आपल्याकडील चित्रगुप्ताची वही ज्यास ठाऊक आहे, त्यास हे चित्र परके वाटणार नाही. हे चित्र एरव्ही मिटलेले असे, आणि रविवारी व सणाच्या दिवशी उघडले जाई.

आता द्राक्षांकडे वळू. रोलँच्या मूळ देणगीत मिठाचे उत्पन्न होते. द्राक्षमळे मागून आले. १४५७ मध्ये गियमेत लव्हेर्निए नावाच्या एका स्त्रीने आपला द्राक्षमळा रुग्णालयास अर्पण केला. ही पहिली देणगी होय. तेव्हापासून शतकानुशतके कोणी कृतज्ञतेने, कोणी नवसाने, कोणी निपुत्रिक असल्यामुळे आपापले मळे या संस्थेच्या नावे करीत आले. आज रुग्णालयाच्या मालकीची सुमारे ६० हेक्टर द्राक्षभूमी आहे, आणि तिच्यातील बहुतेक भाग बर्गंडीतील उत्तम प्रतीच्या जमिनींत मोडतो. तेथे मुख्यत्वे पिनो नुआर या काळ्या द्राक्षाची आणि काही भागात शार्दोने या पांढऱ्या द्राक्षाची लागवड आहे. आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर, दीपस्तंभांवर दात्यांची नावे कोरलेली असतात. तेथे ती पिंपांवर आढळतात. निकोला रोलँ, गिगोन द सालँ, तसेच रुग्णसेवा करणाऱ्या भगिनींचा समुदाय, यांच्या नावांनी तेथील वाइनचे निरनिराळे प्रकार आजही ओळखले जातात.

या भूमीवर संकटे आली नाहीत असे नाही. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपातील द्राक्षवेलींची मुळे खाऊन टाकली. बर्गंडीत ती १८७८ मध्ये मर्सो गावी आढळली. अखेर अमेरिकन वेलींच्या मुळांवर स्थानिक द्राक्षांची कलमे बांधून सर्व मळे नव्याने लावावे लागले. गियमेत बाईने दिलेल्या वेली आज नाहीत; तिने दिलेले व्रत मात्र आहे.

येथे बोन नगरीच्या आणखी एका ठेव्याचा उल्लेख केला पाहिजे. तेथे १३५४ पासून २०१८ पर्यंत प्रत्येक हंगामातील द्राक्षतोडणी केव्हा सुरू झाली याची मालिका संशोधकांनी जुळविली, आणि ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या काळासाठी नगरातील नोत्र-दाम या प्रार्थनामंदिराच्या जमाखर्चाच्या वह्या त्यांच्या उपयोगी पडल्या. द्राक्षे तोडणाऱ्या मजुरांस कोणत्या दिवशी मजुरी दिली, एवढीच रूक्ष नोंद त्यांत होती. त्या नोंदींवरून असे दिसून आले की १३५४ पासून १९८७ पर्यंत तोडणीचा आरंभ सरासरीने २८ सप्टेंबरास होत असे. १९८८ नंतर तो सरासरीने तेरा दिवस अलीकडे आला. म्हणजे पृथ्वीचे हवामान कसे तापत आहे, याची साक्ष एका देवस्थानच्या कारकुनांनी नकळत लिहून ठेवली! आपल्या देवस्थानांच्या दप्तरखान्यांत वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडत असलेल्या वह्यांकडे पाहताना ही गोष्ट महाजनांनी अवश्य आठवावी.

प्रारंभी रुग्णालयाची वाइन खाजगी बोलीने विकली जाई. १८५९ पासून ती जाहीर लिलावाने विकण्याची प्रथा पडली. आपल्याकडे उत्सवाच्या वेळी होणारी पावणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांस या लिलावाचे स्वरूप ताबडतोब कळेल. पूर्वी लहान मेणबत्त्या पेटवून लिलाव चाले. शेवटच्या मेणबत्तीची ज्योत विझेपर्यंत ज्याची बोली टिकली, त्याचे पिंप. आता ही रीत एका खास पिंपापुरती राखली आहे. १९७८ पासून दर वर्षी असे एक धर्मार्थ पिंप वेगळे काढतात आणि त्याची सर्व रक्कम रुग्णालयाबाहेरील एखाद्या सत्कार्यास देतात.

एका पिंपात २२८ लिटर वाइन मावते. लिलावाच्या वेळी ती अवघी काही आठवड्यांची असते. तिचा रंग गढूळ, चव तुरट आणि आंबूस असते. पिण्याजोगी होण्यास अद्याप वर्ष-दीड वर्ष तरी पिंपात काढावयाचे असते. मग लिलावापूर्वी तिची चव पाहावयाची कशासाठी? बर्गंडीतील जाणकार चव पाहण्यासाठी चांदीची एक उथळ, खळगे पाडलेली वाटी जवळ बाळगीत. ती मेणबत्तीच्या उजेडात धरून रसाचा रंग न्याहाळावा, घोट तोंडात घोळवावा आणि थुंकून टाकावा, ही तेथील पद्धत. झिंग यावी हा तिचा हेतू नसतो. पाळण्यातील बाळाचे पाय पाहून त्याचे भविष्य वर्तवावे, तसाच हा प्रकार आहे. आजची कडवट चव पाहून पाच, दहा, वीस वर्षांनंतरची गोडी ओळखावयाची, आणि त्या भरवशावर पैसा मोजावयाचा! त्या वर्षीच्या साऱ्या बर्गंडीच्या वाइनला काय भाव येईल याचा अंदाजही व्यापारी या लिलावावरूनच बांधतात.

या रविवारच्या मागेपुढे आणखी दोन सोहळे जोडले गेले आहेत. तिन्ही मिळून त्यांस ‘तीन वैभवशाली दिवस’ म्हणतात. शनिवारी क्लो द वूजो येथील जुन्या वाड्यात एका मद्यरसिक मंडळाची मेजवानी होते. हे मंडळ १९३४ मध्ये मंदीच्या काळात स्थापन झाले. तळघरे भरलेली होती आणि गिऱ्हाईक फिरकत नव्हते. तेव्हा, कोणी विकत घेत नाही तर मित्रांस बोलावून आपल्याबरोबरच पाजू या, असा विचार काही खटपट्या माणसांनी केला आणि त्या चांदीच्या वाटीवरूनच आपल्या मंडळाचे नाव ठेवले. सोमवारी मर्सो गावी तिसरा सोहळा होतो. तोडणी संपल्यावर मालकाने मजुरांसह एका पंगतीस बसून जेवण्याची जी जुनी चाल होती, तिचे १९२३ मध्ये ज्यूल लाफों या मळेवाल्याने पुनरुज्जीवन केले. या जेवणास येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरची वाइन बरोबर आणावयाची आणि शेजाऱ्यास पाजावयाची असा नियम आहे. १९३२ पासून या प्रसंगी एका लेखकाचा सन्मान करण्याचीही प्रथा पडली; त्याला बक्षीस म्हणून मर्सोच्या वाइनच्या शंभर बाटल्या मिळतात. सरस्वतीच्या उपासकास लक्ष्मीने नव्हे, पण निदान द्राक्षवेलीने प्रसन्न व्हावे, हे योग्यच झाले.

शनिवारची मेजवानी ज्या वाड्यात होते, त्याचाही इतिहास बोधप्रद आहे. क्लो द वूजोचा विस्तीर्ण मळा सितो येथील ख्रिस्ती संन्याशांनी वाढविला. त्यांचा मठ १०९८ मध्ये स्थापन झाला होता. दगडी कुंपण घालून, मातीची पारख करून, पिढ्यान् पिढ्या खपून त्यांनी ही भूमी नावारूपास आणली. परंतु १७८९ च्या क्रांतीनंतर मठांची मालमत्ता सरकारजमा होऊन विकली गेली, आणि तो मळा संन्याशांच्या हातून कायमचा गेला. बोनच्या रुग्णालयाचे मळे मात्र आज रुग्णालयाकडेच आहेत. केवळ दैवाने असे घडले असे मानवत नाही. त्या मळ्याच्या उत्पन्नावर आपला भाऊ, आपली आई, आपला शेजारी बरा होत आहे, हे ज्या नगरातील प्रत्येकास ठाऊक असते, तेथे त्या मळ्यास हात लावणे कोणत्याही सत्तेस सोपे नसते. धर्मदायाच्या जमिनीचे खरे कुंपण लोकांच्या गरजेचे असते. देवस्थानांच्या जमिनी एका रात्रीत परक्यांच्या हाती जाताना ज्या प्रदेशाने सोळाव्या शतकात पाहिल्या, तेथील वाचकांस याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

१९७१ मध्ये रुग्णसेवा त्या जुन्या इमारतीतून नव्या रुग्णालयात हलविण्यात आली. गरिबांच्या दालनातील पलंग रिकामे झाले आणि ती वास्तू प्रेक्षणीय वस्तुसंग्रह झाली. येथेच या उत्सवाची खरी कसोटी लागली. रुग्ण डोळ्यांआड झाले, म्हणजे लिलाव हा निव्वळ श्रीमंतांचा षोक होऊन बसण्याचे भय असते. २००५ पासून हा लिलाव आंतरराष्ट्रीय लिलावसंस्थांकडे सोपविण्यात येतो, आणि जगाच्या कानाकोपऱ्यातून बोली लागते. २०२२ मध्ये ८०२ पिंपे विकली जाऊन सुमारे २ कोटी ९० लक्ष युरो जमा झाले. एकट्या धर्मार्थ पिंपास ८ लक्ष १० हजार युरो मिळाले. इतक्या किमतीची वाइन गरिबांच्या ओठांस लागण्याचा संभव नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु त्याबरोबर हेही सांगितले पाहिजे की लिलावाचे उत्पन्न आजही नगरातील रुग्णालयाच्या इमारती, उपकरणे आणि वृद्धांची निवासस्थाने यांच्या कामी येते.

हे उत्पन्न दर वर्षी सारखे नसते. एप्रिल २०२१ मध्ये अवेळी पडलेल्या कडाक्याच्या थंडीने कोवळे कोंब करपून गेले, आणि त्या वर्षी पुढील वर्षाच्या निम्मीही पिंपे भरली नाहीत. २०२० मध्ये महामारीमुळे लिलावच नोव्हेंबरातून १३ डिसेंबरावर ढकलावा लागला. साथीने गांजलेल्या लोकांसाठी जी संस्था जन्मास आली, तिच्याच सणास साडेपाचशे वर्षांनंतर साथीने थांबविले! पण तो थांबला नाही. उशिराने का होईना, झाला.

२०१५ पासून या मळ्यांची आणि तळघरांची व्यवस्था लुदिव्हीन ग्रिव्हो या विदुषीच्या हाती आली. त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. पहिला मळा देणारी स्त्री, रुग्णांची शेवटपर्यंत सेवा करणारी गिगोनही स्त्री, आणि पुढे शतकानुशतके त्या पलंगांपाशी उभ्या राहिलेल्या भगिनीही स्त्रियाच. त्यांच्या या परंपरेत मळ्याच्या कारभाराची किल्लीही अखेर एका स्त्रीच्या हाती यावी, यात औचित्य आहे.

आपल्या जत्रेच्या दिवसांकडे आपण डोळे लावून बसतो. बोनचे लोक आपल्या रविवारची तशीच वाट पाहतात. रोषणाई असते, पंगती झडतात, बोली चढत जाते. या सर्वांस उत्सवाचे अंग म्हणावे. परंतु उत्सवाचा प्राण कशात असतो, हे त्या कोरलेल्या नावांना विचारावे. ओतेल-द्योच्या फरशांवर निकोला आणि गिगोन यांच्या नावांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफलेली आहेत. रंगीत कौलांचे ते घर पाहावयास आलेला प्रवासी त्यांवरून चालत गरिबांच्या दालनात शिरतो. पलंग रिकामे असतात. थोड्याच अंतरावर, नव्या रुग्णालयात, कोणी तरी अंथरुणास खिळलेला असतो. आणि पाच शतकांपूर्वी कोणी दिलेल्या मळ्यातील द्राक्षे त्याच्या औषधपाण्यासाठी खुडली जात असतात. आपल्या देवळातील पुढची पावणी संपेल, पैसे मोजले जातील, तेव्हा हा पैसा कोणाच्या अंथरुणापर्यंत पोहोचणार, एवढा एक प्रश्न आपणही सभामंडपात बसून एकमेकांस विचारावा.